गुणवत्ता यादीच्या मागची शाळा

जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळांच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशेजारी, ऑइलपेंटने रंगवलेला एक फलक असतो. त्यावर साल, विद्यार्थ्याचे नाव आणि ‘शिष्यवृत्तीधारक’, ‘नवोदय निवड’ किंवा ‘जिल्हा गुणवत्ता यादी’ अशी नोंद असते. शाळेची रंगरंगोटी झाली तरी हा फलक पुसला जात नाही आणि जागा संपली की शेजारी दुसरा लावला जातो. प्रजासत्ताक दिनी याच नावांचा ग्रामस्थांच्या हस्ते सत्कार होतो, एखादा माजी विद्यार्थी रोख बक्षीस जाहीर करतो, आणि निकाल विशेष लागला असेल तर ग्रामपंचायतीसमोर मुलांचे व शिक्षकांचे फोटो असलेला फ्लेक्स लागतो. खासगी शाळांच्या जाहिरातींशी पैशाच्या बळावर स्पर्धा करणे ज्यांना शक्य नाही, अशा सरकारी शाळांना स्वतःचे काम गावाला दाखवण्याची ही जवळजवळ एकमेव जागा आहे. म्हणूनच त्या फलकावर नाव कसे चढते, त्यासाठी कोणाचे किती श्रम पडतात, आणि जे काम कोणत्याच फलकावर मावत नाही त्याचे काय होते, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

केंद्र, बीट, तालुका, जिल्हा

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अन्वये १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी जिल्हा परिषदांकडे आली. मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन जिल्हे वगळता आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत आणि त्यांच्या शाळांची संख्या साठ हजारांच्या आसपास आहे. डोंगरावरच्या वाडीत दहा-बारा मुलांसाठी भरणारी द्विशिक्षकी शाळा आणि तालुक्याच्या गावातील कित्येक तुकड्यांची केंद्रशाळा या दोन्ही एकाच व्यवस्थेत येतात, त्यामुळे ‘जिल्हा परिषद शाळा’ या एका नावाखाली परस्परांहून फार वेगळी वास्तवे सामावलेली आहेत.

या व्यवस्थेचा शैक्षणिक कणा म्हणजे ‘केंद्र’. साधारण दहा-पंधरा शेजारच्या शाळांचा गट म्हणजे एक केंद्र, आणि त्यावर मार्गदर्शन व देखरेख करणारा अधिकारी म्हणजे केंद्रप्रमुख. नव्वदच्या दशकात अशी ४,८६० केंद्रे राज्यात स्थापन झाली. काही केंद्रांचे मिळून एक ‘बीट’ होते व ते विस्तार अधिकाऱ्याकडे असते, त्यावर तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी असतात. वक्तृत्व, समूहगीत, कबड्डी, विज्ञान प्रदर्शन अशी कोणतीही स्पर्धा याच पायऱ्यांनी वर जाते, आणि जिल्हास्तरावर पोहोचलेल्या मुलाने त्याआधी दोन-तीन मंचांवर स्वतःला सिद्ध केलेले असते. वरच्या पायरीवरील बक्षिसाची बातमी होते. परंतु ज्या मुलीने आयुष्यात प्रथमच घराबाहेरच्या शंभर माणसांपुढे उभे राहून पाच मिनिटे भाषण केले, तिच्यासाठी केंद्रस्तरावरची फेरी हीच खरी मोठी घटना असते, आणि ती घडवणारा शिक्षक ती जाणून असतो.

स्पर्धेच्या दिवशी केंद्रशाळेच्या पटांगणात जी लगबग दिसते तिच्यातून या व्यवस्थेची ताकद आणि तिची ओढाताण दोन्ही कळतात. मुलांना जीपने किंवा दुचाकीवरून आणण्याची सोय बहुधा शिक्षक आणि पालक मिळून करतात, परीक्षक म्हणून शेजारच्या केंद्रातले शिक्षक येतात, आणि शाळेत दोनच शिक्षक असतील तर एक स्पर्धेला गेल्यावर दुसरा सगळे वर्ग एकत्र घेऊन बसतो. ही दुसरी खोली कोणत्याही अहवालात येत नाही.

जादा तासाची शिष्यवृत्ती

ग्रामीण महाराष्ट्रात शाळेच्या यशाचे सर्वांत जुने आणि सर्वांत विश्वासाचे माप म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिल्या पेपरात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी असे विषय असतात. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तासाचा वेळ, म्हणजे एकूण ३०० गुणांची ही कसोटी असते. पात्र ठरण्यासाठी प्रत्येक पेपरात ४० टक्के गुण लागतात. मात्र पात्र ठरणे आणि शिष्यवृत्तीधारक होणे यांत मोठे अंतर आहे, कारण शिष्यवृत्तींची संख्या ठरलेली असते आणि ती गुणानुक्रमे दिली जाते. २०२३ मध्ये शासनाने रकमेत वाढ करून ती पाचवीसाठी वर्षाला ५,००० आणि आठवीसाठी ७,५०० रुपये केली. शेतमजुराच्या घरात ही रक्कम उपयोगी असते हे खरे, तरीही पालक परीक्षेला जे मोल देतात ते पैशाहून अधिक नावाचे असते.

या परीक्षेची तयारी शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. पहिली तासिका सुरू होण्यापूर्वी एक तास आणि शाळा सुटल्यावर एक तास, असे ‘जादा तास’ जूनपासून किंवा उशिरात उशिरा दिवाळीनंतर सुरू होतात, रविवारी सराव पेपर होतात, आणि परीक्षा फेब्रुवारीत असल्याने डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अंधार असतानाच मुले शाळेत आलेली असतात. अशा वर्गात गेल्यास फळ्यावर बुद्धिमत्तेची आकृती काढलेली असते, मुले जमिनीवर रांगेने बसलेली असतात, आणि शिक्षक उत्तर सांगण्याऐवजी तीन चुकीचे पर्याय का चुकले हे मुलांकडूनच वदवून घेत असतो. चार पर्यायांच्या परीक्षेवर घोकंपट्टीचा आरोप नेहमी होतो आणि सरावसंचांच्या बाजाराकडे पाहता तो निराधार नाही. परंतु चांगल्या शिक्षकाच्या हाती याच प्रश्नांतून तर्काची शिस्त मुलांच्या अंगी येते, हेही तितकेच खरे आहे.

आणखी एक तयारी पूर्णपणे हाताची असते. उत्तरे ओएमआर उत्तरपत्रिकेवर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या छापील कागदावर, वर्तुळे पूर्ण रंगवून द्यायची असतात, आणि एकदा रंगवलेले वर्तुळ बदलता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला प्रश्नाचे उत्तर माहीत असूनही एक ओळ चुकल्यामुळे पुढची सगळी वर्तुळे सरकू शकतात. म्हणून अनेक शाळांत कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रतींवर आठवडेच्या आठवडे सराव चालतो, त्याचा खर्च शिक्षक स्वतःच्या खिशातून किंवा लोकवर्गणीतून भागवतात, आणि परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर थांबलेले शिक्षक पेपर कसा गेला हे विचारण्याआधी ‘वर्तुळं नीट रंगवलीस ना?’ असे विचारतात.

कोल्हापूर जिल्ह्याचे नाव या परीक्षेच्या संदर्भात राज्यभर आदराने घेतले जाते, आणि त्यातही भुदरगड तालुक्याच्या तयारीला ‘भुदरगड पॅटर्न’ म्हणून ओळखले जाते. डोंगराळ तालुक्यातील मुले गुणवत्ता यादीत सातत्याने येतात याचे कारण तेथील मुलांच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा सवयीत शोधावे लागते. ज्या गावात मोठ्या भावंडांनी, शेजाऱ्यांनी आणि प्रसंगी पालकांनीही हीच परीक्षा दिलेली असते, तेथे जादा तासासाठी मुलाला पहाटे उठवणे हा घराचा नेम बनतो. शिक्षकांमध्ये प्रश्नसंचांची देवाणघेवाण होते, सामायिक सराव परीक्षा होतात, आणि एका शाळेने शोधलेली युक्ती महिन्याभरात तालुक्यात पसरते. यश ही एका शाळेची मिळकत न राहता तालुक्याची रीत होणे, हे कोणत्याही एका निकालापेक्षा दुर्मीळ आहे.

चौथी की पाचवी

परीक्षा कोणत्या इयत्तेत घ्यायची हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न जिल्हा परिषद शाळांच्या दृष्टीने अस्तित्वाचा होता. पूर्वी ही परीक्षा चौथी आणि सातवीत होत असे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तर पाचवीपर्यंत व उच्च प्राथमिक स्तर आठवीपर्यंत ठरवल्यानंतर, २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीत घेतली जाऊ लागली. कायद्याच्या चौकटीशी हा बदल सुसंगत होता, पण गावोगावच्या शाळांची बांधणी तशी नव्हती. जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा चौथीपर्यंतच आहेत, आणि पाचवीला मूल शेजारच्या खासगी अनुदानित माध्यमिक विद्यालयात दाखल होते. चार वर्षे ज्या शिक्षकांनी मुलाला अक्षरओळखीपासून घडवले त्यांची शाळा परीक्षेच्या वेळी चित्रातच नसे, आणि निकालावर दुसऱ्या शाळेचे नाव येई.

त्याचा परिणाम फलकावर तर झालाच, पण त्याहून अधिक जादा तासांवर झाला. चौथीच्या वर्गाला वर्षअखेरीस जे एक ठळक लक्ष्य होते ते नाहीसे झाले, आणि पालकांना दाखवण्यासारखा निकालही शाळेकडे उरला नाही. परीक्षा पुन्हा चौथी व सातवीच्या स्तरावर आणण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला तेव्हा वाड्यावस्त्यांवरच्या शिक्षकांनी त्याचे जे स्वागत केले ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. नऊ वर्षांच्या मुलावर स्पर्धेचा भार लवकर पडतो हा आक्षेप वजनदार आहे आणि तो दुर्लक्षिता येणार नाही; तरीही काम करणाऱ्याला कामाचे श्रेय मिळावे ही अपेक्षाही न्याय्यच आहे.

दोन दारे

शिष्यवृत्तीखेरीज आणखी दोन परीक्षा ग्रामीण मुलांच्या पुढील वाटेवर प्रत्यक्ष परिणाम करतात. जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा जिल्ह्याला साधारणतः एक असते. सहावीच्या ८० जागांसाठी पाचवीतली मुले निवड चाचणी देतात, त्यांतील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात. निवड झाली तर बारावीपर्यंत राहणे, जेवण आणि शिक्षण यांची चिंता मिटते, पण त्याबरोबर दहा-अकरा वर्षांचे मूल घरापासून दूर जाते. निकालानंतर शिक्षकांचे निम्मे काम आईची समजूत घालण्याचे असते, आणि मुलगी निवडली गेली असेल तर ते काम अधिक नाजूक होते.

दुसरी परीक्षा राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेची, जिला शाळांत एनएमएमएस म्हणूनच ओळखतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलांसाठी ती असते, पालकांच्या उत्पन्नाला मर्यादा असते, महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे, आणि निवड झालेल्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आठवीनंतर शाळा सुटण्याचा धोका ज्या घरांत सर्वाधिक असतो नेमक्या त्याच घरांसाठी ही योजना आहे, म्हणून राज्य गुणवत्ता यादीतील एखाद्या क्रमांकापेक्षा एनएमएमएसधारकांची संख्या हे एखाद्या तालुक्याच्या कामाचे अधिक प्रामाणिक माप मानायला हवे.

कुमठे बीटची फरशी

विद्यार्थ्यांप्रमाणे उपक्रमांचीही कीर्ती होते, आणि ती कशी पसरते याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे सातारा तालुक्यातील कुमठे बीट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने या बीटमधल्या शाळांनी ज्ञानरचनावादाचा प्रयोग केला. मूल हे भरायचे रिकामे भांडे नसून ते अनुभवातून स्वतःचे ज्ञान रचत असते, या विचाराला ज्ञानरचनावाद म्हणतात. वर्गातली बाके बाजूला झाली, फरशीवर अक्षरचक्रे, संख्यारेषा आणि चौकटी रंगवल्या गेल्या, मुले गटागटाने साहित्य हाताळत शिकू लागली, आणि शिक्षकाची जागा फळ्यापाशी न राहता मुलांच्या मध्ये आली. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षकांचे गट हे वर्ग पाहायला येऊ लागले, आणि २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात असे वर्ग राज्यभर उभे राहिले.

मात्र पाहून गेलेल्यांनी काय नेले यावर पुढचे सारे अवलंबून होते. काही शाळांनी मूल कसे शिकते याकडे पाहण्याची दृष्टी नेली. तेथे वर्ग बदलले आणि वाचन-गणनात मागे राहिलेली मुले पुढे आली. इतर अनेक ठिकाणी फक्त फरशीवरची चित्रे गेली, लोकवर्गणीतून रंग आला, तपासणीत त्याची नोंद झाली, आणि त्याच चित्रांवर सतरंजी अंथरून पूर्वीचेच पाढ्यांचे पाठांतर चालू राहिले. गौरवाची ही मोठी अडचण आहे: डोळ्यांना दिसते त्याची नक्कल झपाट्याने होते, आणि जे शिक्षकाच्या निर्णयांत दडलेले असते ते नेण्यासाठी त्याच्या वर्गात दिवसच्या दिवस बसावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याच्या परितेवाडी येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला, तेव्हा जिल्हा परिषदेची शाळा जागतिक बातम्यांत आली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून त्याद्वारे कविता, ध्वनिफिती व चित्रफिती मुलांपर्यंत पोहोचवण्याची त्यांची कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी स्वीकारली होती, आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या प्रकरणातले सर्वांत टिकाऊ फलित पुरस्काराच्या आधीचे आहे, कारण एका लहानशा शाळेत घडलेली युक्ती राज्याच्या व्यवस्थेने उचलून सर्व मुलांच्या दप्तरात नेली.

२०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याच्या जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेला टी४ एज्युकेशन या संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतांवर दिला जाणारा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. शिक्षक दत्तात्रय वारे यांच्या नेतृत्वाखाली, पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात असलेली ही शाळा ग्रामस्थांच्या सहभागातून पुन्हा उभी राहिली. तेथील ‘विषयमित्र’ पद्धतीत एखादा विषय चांगला आलेले मूल इतरांना तो शिकवते, मग ती मुले वयाने लहान असोत की मोठी. ज्या शाळेत दोन शिक्षकांना चार-पाच इयत्ता सांभाळाव्या लागतात तेथे मुलांनी मुलांना शिकवणे ही गरजच असते. तिला विचारपूर्वक पद्धतीचे रूप देणे हे या शाळेचे वैशिष्ट्य आहे, आणि रंग किंवा यंत्रे यांच्याविना ते कोणत्याही वाडीत नेता येण्याजोगे आहे.

तिरुवनंतपुरम आणि नासा

पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये गुणगौरवाची वेगळीच रीत अवलंबली. आयुका, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, या संस्थेच्या साहाय्याने सहावी-सातवीच्या मुलांची टप्प्याटप्प्याने निवड झाली; बहुपर्यायी चाचणीपासून सुरू झालेली ही प्रक्रिया प्रत्यक्ष मुलाखतींपर्यंत गेली, आणि त्यातून ७५ मुले निवडली गेली. त्यांतील ५० जणांसाठी इस्रोच्या तिरुवनंतपुरम येथील केंद्राची, तर २५ जणांसाठी अमेरिकेतील नासाची भेट ठरली. निवडलेल्या मुलांत आगगाडीतही कधी न बसलेली मुले होती, आणि त्यांच्यासाठी पारपत्र काढण्यापासून तयारी करावी लागली.

आयुकाचा यातला सहभाग योगायोगाचा नाही. संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी संशोधनाइतकेच शाळकरी मुलांपर्यंत विज्ञान नेण्याला महत्त्व दिले, आणि संस्थेच्या आवारातील ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ त्याच भूमिकेतून उभी राहिली. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या संस्थेने मावळ, भोर, राजगड (पूर्वीचा वेल्हे), आंबेगाव असे तालुके असलेल्या जिल्ह्यातल्या मुलांची पारख केली.

एवढ्या मोठ्या जिल्ह्यातून ७५ मुलांवर खर्च करावा का, हा प्रश्न विचारला जाणे योग्यच आहे, कारण तेवढ्या पैशांत कित्येक शाळांची प्रयोगपेटी भरता आली असती. त्याचे उत्तर निवडीच्या प्रक्रियेत सापडते. निवड न झालेल्या हजारो मुलांनीही विज्ञानाची एक गंभीर परीक्षा दिली, त्यांच्या शिक्षकांनी पुस्तकाबाहेरचे प्रश्न शोधले, आणि सातवीतल्या मुलीच्या घरी उपग्रहाविषयी बोलणे झाले. ही परीक्षा दरवर्षी झाली आणि तिच्या तयारीसाठी शाळांना साहित्य मिळाले तर खर्चाचे समर्थन आपोआप होईल. एकदाच झाली तर ती ७५ घरांपुरती आठवण राहील.

जूनमधला निकाल

सर्व पुरस्कारांनंतर शाळेचा निर्णायक निकाल जूनमध्ये, पहिलीच्या दाखल रजिस्टरवर लागतो. शिक्षणहक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक आणि ६१ ते ९० च्या पटाला तीन शिक्षक मिळतात; पट मोजून पदे ठरवण्याच्या या वार्षिक प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. दोन मुले कमी झाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो, शिक्षक गेला की जादा तास बंद पडतात, आणि जादा तास बंद पडले की फलकावरचे नाव थांबते. मग पुढच्या जूनमध्ये आणखी चार पालक इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसकडे वळतात. हेच चक्र उलटेही फिरते. एखाद्या वर्षी तीन मुले शिष्यवृत्तीधारक झाली की शेजारच्या वाडीतून चौकशी सुरू होते, आणि म्हणून शाळेतले शिक्षक एप्रिल-मेमध्ये घरोघर फिरताना निकालाचे कात्रण खिशात ठेवतात.

या चक्रावर सर्वांत मोठा आघात बदलीचा होतो. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून संगणकीय प्रणालीद्वारे होतात, आणि अवघड क्षेत्रातील सेवा, जोडीदाराचे ठिकाण अशा न्याय्य निकषांवर त्या ठरतात. ज्यांनी वर्षानुवर्षे डोंगरात काढली त्यांना सोईचे गाव मिळणे आवश्यकच होते. पण प्रणालीला शाळेत काय उभे राहिले आहे हे दिसत नाही. पहाटेचा वर्ग घेणारा शिक्षक गेला की सराव पेपरांची फाइल कपाटात राहते, आणि नवा शिक्षक ती उघडतो की नाही यावर पुढच्या चौथीचे भवितव्य ठरते. काही केंद्रांनी यावर स्वतःच उपाय शोधले आहेत. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत जाणाऱ्या शिक्षकाने येणाऱ्या शिक्षकापुढे आपला पाठ घ्यायचा. जादा तासांची जबाबदारी एका शिक्षकाऐवजी दोन शेजारच्या शाळांनी मिळून घ्यायची. आणि तीन-चतुर्थांश सदस्य पालकांमधून आलेल्या शाळा व्यवस्थापन समितीने जादा तासाची वेळ, रविवारचे सराव पेपर व छायाप्रतींचा खर्च स्वतःच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवायचा, म्हणजे शिक्षक बदलला तरी मागणी करणारे लोक गावातच राहतात. जिल्हास्तरावरचे आदर्श शिक्षक पुरस्कार दरवर्षी व्यक्तींना दिले जातात. अशा केंद्राला किंवा समितीला देण्याजोगा, पाच वर्षे टिकलेल्या कामाचा पुरस्कार मात्र अजून जिल्हा परिषदांच्या समारंभांत सहसा आढळत नाही.